आदल्या संध्याकाळचा एनिमा

पावसाळा सरला, वैनगंगेचं पाणी उतरलं आणि बांधीतलं धान खळ्यावर आलं की झाडीपट्टीत दोन मोसम एकदमच सुरू होतात. पहिला नाटकांचा. वडसा-देसाईगंजच्या कंपन्यांचे फलक चौकाचौकांत लागतात, दिवाळीनंतर गावोगाव मंडईची जत्रा भरते आणि पाहुण्यारावळ्यांसकट अख्खं गाव रात्रभर शामियान्यात बसून नाटक बघतं. दुसरा मोसम ऑपरेशनचा. तो दवाखान्यात काम केलेल्यांनाच ठाऊक असतो.

वर्षभर हायड्रोसिल घेऊन चिखलात राबलेला माणूस धान घरात आल्याशिवाय दवाखान्याची पायरी चढत नसे. चंद्रपूर आणि गडचिरोली हे हत्तीरोगाचे जिल्हे, त्यामुळे अंडवृद्धीचे पेशंट कोणत्याही गावात सापडत. हर्नियावालेही याच दिवसांत यायचे आणि कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियेसाठी बायाही याच दिवसांत यायच्या. हाती थोडा पैसा असे, शेतात काम नसे, थंडीत जखम चिघळत नाही असा लोकांचा विश्वास असे. आमचा वॉर्ड भरून जायचा, व्हरांड्यात सतरंज्या पडायच्या, आवारातल्या झाडाखाली नातेवाइकांच्या तीन दगडांच्या चुली पेटायच्या. आणि उद्याची ऑपरेशनची यादी फळ्यावर लागली की इनचार्ज सिस्टर पदर खोचून म्हणायच्या, ‘चला, पाणी तापवा.’

ते पाणी एनिमाचं. दिवाळी अंकात एनिमाबद्दल काय लिहायचं, असं कुणाला वाटेल. मला मात्र नर्सिंगमधल्या माझ्या सगळ्या वर्षांकडे वळून बघताना पहिल्यांदा तीच संध्याकाळ आठवते. शुश्रूषा म्हणजे काय हे मला इंजेक्शनांनी शिकवलं नाही, सलाइननंही नाही. ते शिकवलं त्या पांढऱ्या इनॅमलच्या, निळ्या काठाच्या कॅननं आणि तो हातात धरणाऱ्या आमच्या इनचार्ज सिस्टरांनी.

सिस्टर केरळच्या. विदर्भातल्या जुन्या दवाखान्यांत, विशेषतः मिशनच्या, केरळच्या सिस्टर पुष्कळ. कोवळ्या वयात एवढ्या दूर आल्या आणि इथल्याच झाल्या. आमच्या सिस्टर मराठी बोलायच्या ती झाडीपट्टीचीच. पेशंटांकडूनच शिकल्या होत्या, त्यामुळे त्यांच्याही बोलण्यात ‘पानी’ आणि ‘जी’ असायचं. म्हाताऱ्यांना काकाजी, बायांना माय. मलबारी वळणाचा तो ‘काकाजी’ अजून कानात आहे.

त्या काळी पोटाच्या नि खालच्या भागाच्या ऑपरेशनला आदल्या संध्याकाळी आणि काही वेळा पहाटेही साबणपाण्याचा एनिमा द्यायची पद्धत होती. साबणाची वडी किसून कोमट पाण्यात फेटायची आणि वर आलेला फेस काढून टाकायचा, नाहीतर पोटात वारा जातो. पाणी शरीराच्या उष्णतेहून किंचित गरम, चाळीस अंशांच्या आसपास. थर्मामीटर असला तरी सिस्टर कोपर बुडवून बघायच्याच. बाळाच्या अंघोळीचं पाणी आई बघते, अगदी तसं. थंड पाण्यानं कळ येते, फार गरम पाण्यानं आतडं भाजतं. मोठ्या माणसाला लिटरभराच्या आत. कॅन पलंगापासून दीड फुटाहून वर न्यायचा नाही, कारण उंची वाढली की जोर वाढतो. नळी लावली की आधी थोडं पाणी किडनी ट्रेमध्ये सोडून हवा काढायची, टोकाला व्हॅसलीन, आत तीन-चार इंचांहून जास्त नाही. पेशंट डाव्या कुशीवर, उजवा गुडघा पोटाशी. मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग डावीकडे असतो, पाणी आपल्या वजनानंच उतरतं. कळ आली तर चिमटा लावून थांबायचं, ‘तोंडानं श्वास घ्या’ म्हणायचं, कळ ओसरली की पुन्हा सोडायचं. घाई केली की पाणी लगेच बाहेर येतं आणि सगळा त्रास वाया जातो.

हे पुस्तकात होतं. सिस्टरांकडे जे होतं ते पुस्तकात नव्हतं.

आरमोरीकडचे एक म्हातारे हर्नियासाठी दाखल झाले होते. पुरुष पेशंटांचं हे काम करणारे ब्रदर त्या दिवशी सुटीवर. कॅन बघितला आणि म्हातारे उठून बसले. ‘बाईमानसाच्या हातून हे नाही करनार जी. आपरेशन नाही झालं तं नाही झालं.’ मुलगा ओशाळला, सून बाहेर गेली. सिस्टर रागावल्या नाहीत, समजूतही घालत बसल्या नाहीत. वॉर्डबॉयला हाक मारून त्यांनी पलंग सरकवून भिंतीला लावला, तीन बाजूंनी स्क्रीन ओढले, चादर गळ्यापर्यंत पांघरली. मग म्हणाल्या, ‘काकाजी, तुम्ही भिंतीकडे तोंड करा. मला तुमचं तोंड दिसत नाही, तुम्हाला माझं. झालं की मी आवाज देतो.’ म्हातारे वळले. चादरीचा लागेल तेवढाच कोपरा सिस्टरांनी उचलला. काम होईपर्यंत त्या त्यांच्याशी धानाबद्दल बोलत होत्या, हलकं किती, भारी किती, मळणी झाली का. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. सुटी होताना म्हाताऱ्यांनी सिस्टरांसाठी गावाहून तांदूळ मागवला, नव्या धानाचा. सिस्टरांनी तो वॉर्डाच्या स्वयंपाकघरात पाठवून दिला.

आणखी एक गोष्ट त्या करायच्या, ती मी पुढे प्रत्येक विद्यार्थिनीला सांगितली. एनिमा देण्याच्या आधी त्या पेशंटला संडास दाखवून आणायच्या. दार कसं लागतं, कडी कुठे, पाणी कुठे, दिवा कुठे. त्या वेळच्या आमच्या पेशंटांपैकी पुष्कळांनी आयुष्यात बंद संडास पाहिला नव्हता. गावात सकाळी लोटा घेऊन नाल्याकडे जायची सवय. दवाखान्यात आलं की माणूस दोन-दोन, तीन-तीन दिवस शौचालाच जात नसे. बायांचं तर विचारूच नका. बेडपॅन दिला तर तो पलंगाखाली तसाच कोरडा राहायचा. त्यात दवाखान्यातलं वेगळं जेवण, दुखणं थांबवायच्या गोळ्या, बाळंतिणींना लोहाच्या गोळ्या. पोट दगड व्हायचं आणि माणूस लाजेपायी बोलायचा नाही. सिस्टर रोज सकाळच्या राऊंडला नाडीच्या आधी तेच विचारायच्या, तेही कानाशी वाकून.

ही लाज आपल्याकडे मुळात होती असं मला वाटत नाही. आयुर्वेदात बस्तीला अर्धी चिकित्सा मानलं आहे. आमच्या शेजारच्या वर्धा जिल्ह्यात, सेवाग्रामला, गांधीजी एनिमाबद्दल जेवणाखाण्याइतक्या सहजपणे बोलत आणि लिहीत. 1946 साली त्यांनी पुण्याजवळ उरुळी कांचनला निसर्गोपचार आश्रम सुरू केला, तिथेही एनिमा हा नेहमीचा उपचार. मग दवाखान्यात हे काम हलकं कधीपासून झालं? डॉक्टरांनी सांगायचं, सिस्टरांनी विद्यार्थिनीकडे ढकलायचं, विद्यार्थिनीनं मावशीकडे. आमच्या वॉर्डात ते ढकलता येत नसे, कारण सिस्टर स्वतः करायच्या. वयानं, अनुभवानं सगळ्यांत मोठ्या त्याच, आणि कॅन त्यांच्याच हातात.

आता आमच्या ड्यूटी रूममधल्या एका कागदाकडे येते.

गडचिरोली जिल्हा चांद्यापासून, म्हणजे चंद्रपूरपासून, वेगळा झाला 26 ऑगस्ट 1982 ला. त्याआधी एवढा सगळा मुलूख एकाच जिल्ह्याचा. सिरोंच्याहून गडचिरोली गाठायचं तर आजही दोनशे किलोमीटरच्या आसपास रस्ता. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागड जगापासून तुटतं. अशा मुलखात तालुक्याच्या दवाखान्याला डॉक्टर एकच, आणि तोही कधी पोस्टमॉर्टेमला, कधी कोर्टात साक्षीला, कधी शिबिराला. रात्री वॉर्डात सिस्टर एकटी. मोबाइल नव्हते. मग मध्यरात्री ज्याचं पोट फुगून तो तळमळतोय त्यानं सकाळपर्यंत वाट बघायची?

आमच्या डॉक्टरांनी वाट बघायला लावली नाही. ड्यूटी रूममध्ये टेबलाच्या काचेखाली टाइप केलेली चार पानं होती, स्टँडिंग ऑर्डर. ताप असेल तर काय द्यायचं, जुलाबाला काय, विंचू चावला तर काय, प्रसूतीनंतर रक्त जास्त जायला लागलं तर डॉक्टर येईपर्यंत काय. प्रत्येक पानाखाली डॉक्टरांची सही आणि तारीख. तिसऱ्या पानावर एनिमा. ऑपरेशनच्या यादीतल्या पेशंटला आदल्या संध्याकाळी, पुन्हा विचारायची गरज नाही. अंथरुणाला खिळलेल्या, लकवा झालेल्या पेशंटला तीन दिवस शौच झालं नसेल तर द्यावा, आधी बोटानं तपासून. पाण्याचं प्रमाण दिलेलं. तीनदा देऊनही पाणी स्वच्छ आलं नाही तर थांबावं आणि कळवावं, कारण साधं पाणी फार वेळा दिलं की ते अंगात शोषलं जातं आणि रक्तातले क्षार ढळतात.

त्याखाली लाल रेघ, आणि रेघेखाली कुणाला द्यायचा नाही ते. पोट दुखतंय पण कारण माहीत नाही. उलटी आणि ताप. पोट फुगलेलं आणि वारा सरत नाही. गरोदर बाई आणि अंगावरून रक्त. हृदयाचा पेशंट. शौचावाटे रक्त. या कुणालाही हात लावायचा नाही, डॉक्टरांना उठवायचं, कितीही वाजले असोत.

माझ्या लेखी त्या चार पानांत लाल रेघ सगळ्यांत मोलाची. एका रात्री मंडईवरून परतलेला तरुण पोरगा बैलगाडीत घालून आणला. पोट गच्च धरून वाकडा झालेला. सोबत सात-आठ माणसं, सगळ्यांचं एकच म्हणणं, मंडईत काहीबाही खाल्लं, पोटात अडकलं, ‘बाई, एनिमा लावा, मोकळा होऊन जाईल.’ गावात एकाला तसाच आराम पडला होता म्हणे. सिस्टरांनी त्याला उताणं निजवून पोटावर हात ठेवला. उजवीकडे खाली दाबून सोडलं तसा तो किंचाळला. अंग तापलेलं, जीभ कोरडी, संध्याकाळपासून दोन उलट्या. सिस्टर उठल्या. ‘याला एनिमा नाही. याला तोंडानं पाणीपण नाही.’ लोक चिडले, आवाज चढले. एक जण म्हणाला, तुमच्याकडे सामान नाही असं सांगा ना. सिस्टरांनी ड्यूटी रूममध्ये नेऊन तिसरं पान त्यांच्यापुढे ठेवलं, लाल रेघ दाखवली, डॉक्टरांची सही दाखवली. ज्याला वाचता येत होतं त्यानं मोठ्यानं वाचलं. आवाज खाली आले. वॉर्डबॉय सायकलवर डॉक्टरांकडे गेला. अपेंडिक्स होतं, फुटायच्या बेतात आलेलं. पहाटेच्या आत पोरगा चांद्याच्या रस्त्याला लागला आणि महिन्याभरानं टाके वाळलेलं पोट दाखवायला हसत आला.

त्या रात्री त्या कागदानं सिस्टरांना दोन्ही दिलं, करायचा अधिकार आणि न करायचा अधिकार. दुसरा पहिल्याहून अवघड असतो. सात-आठ पुरुष अंगावर धावून येत असताना ‘नाही’ म्हणायला पाठीशी काहीतरी लागतं.

या पद्धतीत सकाळचाही एक भाग होता. रात्री स्टँडिंग ऑर्डरवर जे जे केलं ते केस पेपरवर लिहायचं. वेळ, किती पाणी, काय परिणाम, सिस्टरची सही. सकाळी डॉक्टर राऊंडला आले की ते वाचून शेजारी स्वतःची सही करायचे. कधी थांबून विचारायचे, ‘हे का दिलं?’ आणि उत्तर पूर्ण ऐकायचे. डॉक्टर-सिस्टरांमधला विश्वास मी असा रोज सकाळी नऊ वाजता शाईनं लिहिला जाताना पाहिला आहे.

बाळंतिणींच्या खोलीतला एनिमा मात्र वेगळा. कळा घेऊन बाई आली की दाढी करायचं ब्लेड आणि एनिमा, हा तेव्हाचा शिरस्ता. बाईचं पोट साफ असलं की बाळ स्वच्छ जागी येतं आणि कळा जोर धरतात, असं आम्हाला शिकवलेलं. बाया सोसायच्या. कळांच्या मधल्या उसंतीत भिंतीला धरून संडासापर्यंत चालत जाणाऱ्या त्या पोरी मला आठवतात, कुणी कुणी तर सतरा-अठराच्या. जागतिक आरोग्य संघटनेनं 1996 साली सामान्य प्रसूतीबद्दलच्या आपल्या अहवालात सरसकट एनिमा आणि सरसकट केस काढणं या दोन्ही गोष्टी बंद कराव्यात अशा प्रथांच्या यादीत टाकल्या. पुढे चाचण्या एकत्र करून पाहिल्यावर दिसलं की एनिमानं जंतुसंसर्ग कमी होत नाही आणि बाळंतपणही लवकर उरकत नाही. आपल्याकडच्या सूचनांतूनही तो गेला. बरं झालं. आमच्या स्टँडिंग ऑर्डरच्या तिसऱ्या पानावरची बाळंतपणातल्या एनिमाची ओळ डॉक्टरांनी खोडली, शेजारी तारीख घातली आणि सिस्टरांना म्हणाले, ‘चला, एका कामातून बायका सुटल्या.’ सिस्टरांनी लगेच विचारलं, ‘आणि जिला दोन-दोन दिवस झालं नाही आणि ती स्वतः मागते तिला?’ तिला द्यायचा, ठरलं. लिहिलंही तसंच. स्टँडिंग ऑर्डर हा असा जिवंत कागद असावा लागतो, नवं ज्ञान आलं की खोडता येणारा.

डॉक्टरनं लिहून द्यायचं आणि दुसऱ्या शिकलेल्या हातांनी करायचं, ही कल्पना गडचिरोलीनं कुठवर नेली ते सगळ्या जगानं पाहिलं. 23 डिसेंबर 1973 ला हेमलकशात बाबा आमट्यांनी लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे माडिया-गोंडांच्या मुलखात जाऊन राहिले. तिथे डॉक्टर दोन आणि पेशंट पायी चालत येणारे असंख्य, तेव्हा शिकून तयार झालेल्या कार्यकर्त्यांच्या हातांशिवाय दवाखाना चालणं शक्यच नव्हतं. मग 1986 साली डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग गडचिरोलीत आले. त्यांच्या ‘सर्च’ संस्थेनं गावातल्या थोडं शिकलेल्या बाईला आरोग्यदूत केलं. बाळाचा श्वास कसा मोजायचा, जंतुदोष कोणत्या खुणांवरून ओळखायचा, कधी जेंटामायसिनचं इंजेक्शन द्यायचं आणि कधी दवाखान्यात पाठवायचं, हे सगळं ठरवून, लिहून, शिकवून तिच्या हाती दिलं. 39 गावांत हे झालं आणि नवजात बाळांचे मृत्यू तिसऱ्या वर्षापर्यंत साठ टक्क्यांहून अधिक घटले. 1999 च्या डिसेंबरात ‘लॅन्सेट’मध्ये ते छापून आलं. 2011 पासून आशाताई देशभर घरोघरी जाऊन नवजात बाळं तपासू लागल्या, त्याची मुळं इथली.

मोठमोठ्या लोकांनी त्यावर लिहिलं आहे. माझं म्हणणं लहान आहे. आरोग्यदूताच्या हातातल्या सिरिंजमध्ये आणि आमच्या सिस्टरांच्या हातातल्या कॅनमध्ये मला एकच गोष्ट दिसते. जाणत्या डॉक्टरनं आधी विचार करून ठेवला, तो लिहिला, सीमा आखली, सही केली, आणि मग मध्यरात्री ज्या हातांनी काम करायचं त्या हातांवर विश्वास टाकला.

आता कॅन गेला. फॉस्फेटच्या तयार एनिमाची प्लास्टिकची बाटली आली, नळी तिलाच जोडलेली. दुर्बिणीनं आतडं तपासायचं तर पावडर पाण्यात मिसळून आदल्या संध्याकाळी ग्लासामागून ग्लास प्यायला देतात. कितीतरी ऑपरेशनांना आता पोट साफ करावंच लागत नाही. नव्या मुलींना साबण किसावा लागत नाही, याचा मला आनंदच आहे. पण अंथरुणाला खिळलेले म्हातारे आहेत, लकव्याचे पेशंट आहेत, कॅन्सरच्या गोळ्यांनी पोट बांधलेले आहेत. घरोघरी आहेत. त्यांना आजही कुणीतरी डाव्या कुशीवर वळवून, चादरीचा कोपरा उचलून हे काम करावंच लागतं, आणि बाटली प्लास्टिकची असली तरी ती दाबायची हळूच असते. त्या फॉस्फेटच्या बाटलीलाही लाल रेघ हवी. किडनी अधू असलेल्या म्हाताऱ्याला ती घातक ठरू शकते, हे दुकानात बाटली देणारा कुणी सांगत नाही.

सिस्टर निवृत्त होऊन केरळात परतल्या. दिवाळीला मी फोन करते तेव्हा त्या पहिला प्रश्न विचारतात, ‘धान कसं झालं?’ मग वॉर्डाची चौकशी. मागे एकदा मी सांगितलं की आता गडचिरोलीतही मेडिकल कॉलेज झालं, डॉक्टर येऊ लागले. त्या खूश झाल्या. मग म्हणाल्या, ‘रात्री वॉर्डात कोण असते? सिस्टरच ना?’

सिस्टरच असते. म्हणून चंद्रपूर-गडचिरोलीत नव्यानं रुजू होणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला माझी विनंती आहे. क्वार्टरची किल्ली मिळाली की पहिल्याच आठवड्यात एक दुपार काढा आणि वॉर्डातल्या सिस्टरांना घेऊन बसा. रात्री त्या काय काय बघतात ते ऐका. काय करायचं, किती करायचं, कुठे थांबायचं हे मराठीत, ठळक अक्षरात लिहा. सही करा, तारीख घाला. आणि वर्षभरानं पुन्हा एकदा बसून, जे जुनं झालं असेल ते खोडा.